दगडाच्या पोटाखाली : वाचकांचे प्रश्न

ओढ्यात तोंड बुडवून पाहणं आणि जलकीटक ओळखणं या विषयावर नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

मास्क आणि स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) घेऊन ठेवलं आहे. समुद्रावर न जाता नाशिकजवळ ते कुठे आणि कधी वापरता येईल? गंगेवर चालेल का? (इंदिरानगर)

गंगेवर, म्हणजे नाशिककरांच्या गोदावरीवर, नको. शहरातून वाहणारी गोदावरी, नासर्डी आणि वाघाडी यांत सांडपाणी मिसळतं. तिथे तोंड बुडवणं म्हणजे आजार ओढवून घेणं. गंगापूर किंवा दारणा धरणाच्या खालच्या पात्रातही उतरू नका, कारण विसर्ग वाढला की पाणी बघता बघता चढतं. शोधायचे ते लहान, वाहते ओढे: त्र्यंबकेश्वर, हरसूल, पेठ, सुरगाणा, इगतपुरी या पट्ट्यातले, ज्यांच्या वरच्या अंगाला वस्ती आणि कारखाना नाही असे. आधी गावात विचारा. तोच ओढा खाली गावाच्या पिण्याच्या विहिरीला पाणी देत असेल किंवा देवराईतून येत असेल, तर गावकऱ्यांच्या होकाराशिवाय पाय घालायचा नाही. राखीव वनात किंवा अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते.

काळ म्हणाल तर दिवाळीपासून जानेवारीअखेरपर्यंत. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, शिवाय वर डोंगरावर पडलेला पाऊस खाली अचानक लोंढा आणतो. आकाश निरभ्र असलं तरी पाण्याचा रंग बदलला, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर सामान तिथेच टाकून काठावर चढायचं. फेब्रुवारीनंतर आपल्याकडच्या काळ्या कातळातल्या बहुतेक ओढ्यांची धार तुटते आणि नुसते डोह उरतात.

वेळ सकाळी ११ ते दुपारी २. ऊन डोक्यावर असलं की उजेड तळापर्यंत जातो. तिरकं ऊन पाण्यावरूनच परत फिरतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून पायाची नखं दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर त्या दिवशी मास्क पिशवीतच राहू द्या.

पोहण्यासारखं काहीच करायचं नाही, हे नव्याने उतरणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. गुडघा ते मांडीभर पाण्यात पालथं पडायचं आणि हातांनी दगड धरत प्रवाहाच्या विरुद्ध, म्हणजे वरच्या बाजूला, इंचाइंचाने सरकायचं. तुमच्यामुळे उठलेला गाळ मागे वाहून जातो आणि समोरचं पाणी नितळ राहतं. खालच्या दिशेने निघालात तर स्वतःच उठवलेल्या धुरळ्यात पाहत बसाल. पायात फिन नकोत, जुने कॅनव्हासचे बूट घाला. कोपरांना आणि गुडघ्यांना पॅड असले तर कातळाने सोलत नाही. अंगात पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट घाला. पाणी शरीराची ऊब हवेपेक्षा वीसपट-पंचवीसपट वेगाने ओढून घेतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत अर्ध्या तासाने बाहेर या, दात वाजायची वाट पाहू नका. काठावर एक माणूस कायम हवा, आणि त्याचं लक्ष मोबाइलवर नाही, तुमच्यावर हवं.

नवा मास्क. पट्टा कितीही आवळला तरी पाणी शिरतं आणि पाच मिनिटांत काच धुरकट होते. (सातपूर)

पट्टा आवळल्यामुळेच पाणी शिरतंय. सिलिकॉनची कड चेहऱ्यावर नुसती टेकली पाहिजे. जास्त ताणली की तिला सुरकुती पडते आणि तिथून पाणी आत येतं. पट्टा सैल करून डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, कानांच्या वर ठेवा. मास्क मापाचा आहे का, हे पट्ट्याशिवाय कळतं: चेहऱ्याला लावा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर बदलून आणा. कडेखाली केसांची एक बट अडकली तरी पाणी झिरपतं. मिशी असेल तर नाकाच्या लगेच खालची बोटभर पट्टी भादरून टाका.

धुरकटपणाचं कारण वेगळं आहे. नव्या काचेवर कारखान्यातून आलेला सिलिकॉनचा पातळ थर असतो आणि वाफेचे थेंब त्याला धरून बसतात. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नव्हे) आतल्या बाजूने बोटाने चांगली चोळा, रात्रभर ठेवा, धुऊन पुन्हा एकदा चोळा. मग दर वेळी उतरण्यापूर्वी आत थुंकी फिरवून ओढ्याच्या पाण्यात एकदाच विसळा. शाम्पू किंवा बाजारातला फवारा वाहत्या ओढ्यात नको, कारण तो विसळला जातो तो कीटकांवरच. याच कारणाने सनस्क्रीन आणि डासांचं मलमही त्या दिवशी अंगाला लावू नका. उन्हासाठी कपडा वापरा.

स्नॉर्केल साधं, वाकडं नळकांडंच बरं. वर झडप असलेली ‘ड्राय’ नळी ओढ्यातल्या वाळूने अडकते. संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क वापरू नका: त्यात उच्छ्वासाची हवा साठते आणि संकटात तो पटकन निघत नाही. नळी लांब करायचा मोहही नको. चाळीसेक सेंटिमीटरपेक्षा लांब नळीतून आपण आपलीच वापरलेली हवा पुन्हा ओढतो. नळीत पाणी शिरलं तर ‘तू’ म्हटल्यासारखी एक जोरदार फुंकर मारा. म्हणून फुंकरीपुरता श्वास छातीत कायम राखून ठेवायचा.

मला पोहता येत नाही आणि वय ६८ आहे. नातवंडांना दाखवायची फार इच्छा आहे. (पंचवटी)

आजी, तुमच्यासाठी पाहायची बादली आहे, आणि खरं सांगायचं तर लहान मुलांसाठीही मास्कपेक्षा तीच चांगली. रंगाचा पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा डबा घ्या. तळ गोल कापून काढा, पण कडेला दोन सेंटिमीटरची पट्टी ठेवा. त्या पट्टीवर बाहेरून बसेल एवढी ३ मि.मी. जाडीची पारदर्शक ॲक्रिलिक शीट कापून आणा. पाट्या बनवणारे कापून देतात. मत्स्यपेटीला लावतात तेच सिलिकॉन पट्टीवर सलग, एकही खंड न पडू देता लावा, शीट दाबा, आतल्या बाजूनेही एक रेघ ओढा आणि २४ तास हात लावू नका. तिसऱ्या-चौथ्या तासाला उत्साहाने पाण्यात घातलेले डबे गळतात. आतली भिंत काळ्या रंगाने रंगवा. ती पांढरी राहिली तर वरचा उजेड काचेवर चमकतो आणि तळाऐवजी स्वतःचा चेहरा दिसतो.

घोटाभर पाण्यात काठावरच्या दगडावर बसा आणि डबा दोन-तीन इंच बुडवा. तो तिरका घालून मग सरळ करा, नाहीतर काचेखाली हवेचा बुडबुडा अडकतो.

माशांजवळ गेलं की ते पळतात. आणि दिसतात त्यापेक्षा हातात लहान का निघतात? (नाशिक रोड)

मास्कमधून वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने मोठी दिसते आणि खऱ्या अंतराच्या पाऊणच दूर वाटते. पाण्यातून काचेमागच्या हवेत शिरताना प्रकाश वाकतो, त्याचा हा परिणाम. सहा सेंटिमीटरचा मासा आठचा भासतो. अंदाज नको असेल तर मासा ज्या दगडाशेजारी होता तो लक्षात ठेवा आणि पाण्याखालीच पट्टी लावा, म्हणजे पट्टीही तेवढीच फुगलेली दिसेल. नोंदीसाठी ॲक्रिलिकचा तुकडा सँडपेपरने खरवडा, त्यावर साधी पेन्सिल पाण्याखालीही उमटते. दोन्ही दोऱ्याने मनगटाला बांधा.

पळण्याबद्दल: पाठलाग करू नका. एका जागी दगड धरून पाच-दहा मिनिटं निपचित पडा. मासे परत येतात आणि त्यांच्या जागा कळायला लागतात. वरच्या थरात चपळ, चंदेरी दांडवणी प्रवाहाकडे तोंड करून वाहत येणारे किडे टिपतात. तळाशी दगडाला चिकटून मळ्या असतो. त्याच्या ओठाखाली चकतीसारखा भाग असतो, त्याने तो धारेतही दगड धरून शेवाळ खरवडतो आणि दगडावर फिकट ओरखडे उमटतात. याचं शास्त्रीय नाव ‘गारा मुल्या’. १८३९ मध्ये कर्नल सायक्स यांनी दख्खनच्या माशांचं वर्णन करताना आपल्या भाषेतलं नावच उचललं, ते असं. वाळूवर पट्टेरी, मिशीवाली मुरी अंग टेकून पडलेली असते. ती हललीच नाही तर डोळ्यांसमोर असूनही सुटते.

शाळेशेजारच्या ओढ्याचं पाणी चांगलं की वाईट, हे किडे मोजून कळतं असं ऐकलं. सातवी-आठवीच्या मुलांकडून करून घ्यायचं आहे. काय लागेल, कसं करायचं? (त्र्यंबकेश्वर तालुक्यातील शिक्षिका)

कळतं, आणि बाटलीभर पाणी तपासण्यापेक्षा एका अर्थाने जास्त कळतं. बाटली फक्त त्या क्षणाचं सांगते. दगडाखाली काही महिने काढणारा कीटक त्या सगळ्या महिन्यांची साक्ष देतो.

जाळी घरी होते. १ मीटर बाय १ मीटर बारीक कापड, दोन बाजूंना सव्वा मीटरच्या काठ्या, खालच्या कडेला शिवलेली साखळी. कापडाचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवं. मच्छरदाणीची भोकं याहून मोठी असतात, त्यातून पिल्लं निसटतात आणि मुलं म्हणतात की काहीच नाही. ऑर्गेन्झाचं कापड जवळपास योग्य ठरतं. याशिवाय दोन पांढरे ट्रे, बर्फाचा ट्रे, प्लास्टिकचे चमचे, २ नंबरचा चित्रकलेचा ब्रश आणि १० पट भिंग.

जागा खळाळाची निवडा, म्हणजे दगडांवरून पाणी उसळतं ती उथळ, वीतभर खोल जागा. डोह नको. एकाने जाळी खालच्या अंगाला तळाला टेकवून धरायची. दुसऱ्याने तिच्यासमोरच्या हातभर जागेतले मोठे दगड एकेक उचलून जाळीच्या तोंडाशी हाताने चोळायचे आणि जागच्या जागी ठेवायचे. मग पायाने तळ पाच-सात सेंटिमीटरपर्यंत ढवळायचा. घड्याळ लावून एक मिनिट. अशा तीन जागा, खालून वर जात. जाळी उचलताना प्रवाहाच्या विरुद्ध, सुपाने पाखडल्यासारखी पुढे ओढत उचला. सरळ वर उचलली तर अर्धा माल खालून निसटतो. ही चूक जवळपास सगळ्यांकडून होते.

ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर ओढ्याचंच पाणी घ्या, जाळी उलटी करा आणि दोन मिनिटं काहीही करू नका. मग कचरा हलायला लागतो. ओल्या ब्रशने एकेक उचलून एका जातीला बर्फाच्या ट्रेचा एक कप्पा द्या. ट्रे सावलीत ठेवा आणि पाणी दर दहा मिनिटांनी बदला. २० अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. उन्हातल्या ट्रेमध्ये सर्वांत नाजूक किडे आधी मरतात. अर्ध्या तासात सगळ्यांना त्याच खळाळात सोडा.

मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय हे पाण्यात वाढून मोठेपणी उडणारे कीटक. ओळखायची सुरुवात शेपटीकडून करा. मेफ्लायच्या पिल्लाला बहुधा तीन शेपट्या असतात आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले थरथरत असतात. दगडाला सपाट चिकटून खेकड्यासारखं तिरकं सरकणारं, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असलेलं, ते चपटं मेफ्लाय. माशासारखं सुळकन पोहणारं ते बेटिड. स्टोनफ्लायला नेहमी दोनच शेपट्या, पोटाला पानांसारखे कल्ले नाहीत, आणि भिंगातून पाहिलं तर प्रत्येक पायाला दोन नख्या. मेफ्लायला एकच नखी असते. शेपटी तुटलेली असली की मुलांचा घोळ होतो, तेव्हा नखीच मोजा. टाचणीच्या (चतुराच्या सडपातळ भावंडाच्या) पिल्लाच्या टोकाला तीन पानं असतात, पण कल्ले पोटाच्या बाजूंना नसतात. चतुराचं पिल्लू जाडजूड, शेपटीविना. हनुवटीखाली दुमडलेला जबडा असतो, तो झटक्यात पुढे येऊन भक्ष्य पकडतो. त्याला आणि स्टोनफ्लायला स्वतंत्र कप्पा द्या, नाहीतर मोजायच्या आत बाकीचे खाल्ले जातात.

आता गुण. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या बी.एम.डब्ल्यू.पी. पद्धतीत प्रत्येक कुळाला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, १ ते १० गुण असतात. जितका प्राणवायूला हळवा, तितके जास्त. चपटं मेफ्लाय १०, आपल्याकडे सापडणारी स्टोनफ्लाय (पर्लिडी) १०, वाळूत पुरून बसणारा चतुर ८, जाळं विणणारी कॅडिसफ्लाय ५, बेटिड ४, जळू ३, लाल चिरोनोमिड अळी (डासासारख्या पण न चावणाऱ्या किड्याची) २, गांडुळासारखे तळातले किडे १. एका कुळाचे कितीही किडे असले तरी गुण एकदाच धरायचे. वरच्या ओढ्यात चपटं मेफ्लाय, स्टोनफ्लाय, चतुर, कॅडिसफ्लाय, बेटिड आणि चिरोनोमिड मिळाले, तर १०+१०+८+५+४+२ = ३९; भागिले ६ कुळं, म्हणजे सरासरी ६.५. गावाच्या खाली बेटिड, डाव्या तोंडाची फायसा गोगलगाय (३), जळू, चिरोनोमिड आणि गांडूळ-किडे मिळाले, तर १३ भागिले ५, म्हणजे २.६. सरासरी ६ च्या वर असेल तर पाणी उत्तम, ४ च्या खाली असेल तर काहीतरी नक्की बिघडलंय. हे आकडे थंड देशातल्या नद्यांवरून आलेत, म्हणून दोन वेगळ्या नद्यांची स्पर्धा लावू नका. एकाच ओढ्याचा गावाच्या वरचा आणि खालचा भाग, किंवा एकाच जागेचा डिसेंबर आणि पुढचा डिसेंबर, अशी तुलना करा. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैविक निकषांची पद्धतही अशाच कुळांच्या गुणांवर उभी आहे.

पाच मुलांमागे एक मोठा माणूस आणि एका वेळी एकच गट पाण्यात, एवढं कटाक्षाने पाळा. चाळीस मुलं एकदम उतरली तर मोजायच्या आधीच सगळं तुडवलं जातं.

मास्कमधून दगडांवर चिमुकल्या जाळ्या दिसल्या. दगड बाहेर काढला तर नुसता बुळबुळीत गोळा. काय होतं ते? (इगतपुरी)

फार छान पाहिलंत. ही जाळी विणणारी कॅडिसफ्लायची अळी, हायड्रोप्सायकिडी कुळातली. दोन दगडांच्या फटीत ती रेशमाची नखाएवढी जाळी ताणते, तोंड नेहमी प्रवाहाकडे, आणि शेजारच्या खडे-काड्यांच्या आडोशाला बसून जाळीत अडकलेले कण खाते. पाण्याच्या दाबानेच ती जाळी फुगलेली असते, म्हणून दगड वर आला की मिटते. आपल्या कापडी जाळीने धरलेला कीटक ट्रेमध्ये ओळखता येतो, पण तो जगतो कसा हे पाण्याखालीच दिसतं. त्याच दगडाच्या कडेला, पाणी सर्वांत जोरात जातं तिथे, खालच्या टोकाने चिकटलेल्या काळपट अळ्यांची रांग पाहा: डोक्यावरचे दोन पंखे उघडून धारेतून अन्न गाळत असतात. दगड उलटाच करावा लागला, तर करा. पण होता त्याच बाजूने परत ठेवा. वरचं शेवाळ खाली दबलं की मरतं आणि खालचे किडे उन्हात उघडे पडतात.

पाणी स्फटिकासारखं, तीनदा जाळी लावली, तरी चार-दोन किडे. आम्ही चुकलो की ओढा? (दिंडोरी)

आधी स्वतःकडे पाहा: कापड जाड होतं का, डोहात लावलं का, आठवड्याभरात मोठा पाऊस झाला होता का? पुराने तळ खरवडला की किडे परत यायला काही आठवडे लागतात. सलग कातळ किंवा काँक्रीटचा तळ असेल तरीही कमी मिळणार, कारण लपायला फटच नाही. दगडांच्या फटी बारीक मातीने भरल्या असतील तर तेच; वर कुठे ताजं खोदकाम चालू आहे का बघा.

यातलं काहीच नसेल तर दिंडोरीत पहिला संशय फवारणीवर घ्यावा लागतो. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्या एकामागून एक चालतात आणि पंपाची टाकी ओढ्याकाठी धुतली जाते. इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक मेफ्लायला अत्यंत कमी मात्रेत मारतं, आणि पाण्याचा रंगही बदलत नाही. दुसरा संशय मासे मारण्यासाठी टाकलेल्या ब्लीचिंग पावडरचा. त्याने शेवाळापासून खेकड्यापर्यंत सगळंच जातं. गोगलगाई आणि गांडूळ-किडे आहेत, पण मेफ्लाय एकही नाही, असं दिसलं तर कीटकनाशक जास्त संभवतं. काहीच जिवंत नसेल तर ब्लीचिंग. दोन्ही वेळा ओढ्याने वर जात राहा. जिथे पुन्हा मेफ्लाय मिळायला लागतात, त्याच्या लगेच खाली कारण सापडतं. मग शेतकऱ्याशी शांतपणे बोला: टाकी शेतातच, बांधापासून दूर धुवा आणि ते पाणी बागेतच जिरू द्या. ऐकणारे बरेच असतात, कारण खालच्या विहिरीचं पाणी त्यांचंही असतं.

साप आणि रोगांचं काय? (सिन्नर)

पाण्यात भेटतो तो बहुधा दिवड, बिनविषारी. डिवचला तर चावतो. खरी काळजी काठावर: गवतात घोणस, दगडांच्या कपारीत फुरसं. न दिसणाऱ्या जागी हात घालू नका. पाठीवर पोहणारे आणि पाठीवर अंडी वाहणारे मोठे पाणढेकूण हातात धरू नका, त्यांचा दंश गांधीलमाशीसारखा झोंबतो. उंदीर-गुरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि जखमेतून शिरतो, म्हणून अंगावर ताजी जखम असेल तर उतरायचं नाही. म्हशी बसतात त्या, गोगलगाईंनी भरलेल्या डबक्यात पडल्यास अंगाला खाज सुटू शकते. बाहेर येताच कोरड्या टॉवेलने खसखसून पुसा. पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय असेल तर हातही घालू नका. नंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं, तर डॉक्टरांना ‘मी ओढ्यात उतरलो होतो’ हे न विचारता आधी सांगा.

गंगापूर रोडला नदीजवळ राहतो. सकाळी दिव्याखाली पारदर्शक पंखांचा खच असतो. वाळवीची पाखरं का? (एक वाचक)

एक किडा उचलून पंख पाहा. चार सारख्या लांबीचे पंख गळून सुटे पडले असतील तर वाळवी. पंख पाठीवर उभे मिटलेले आणि मागे लांब केसांसारख्या दोन-तीन शेपट्या असतील तर मेफ्लाय. घराच्या छपरासारखे उतरते, केसाळ पंख आणि लांब मिशा म्हणजे कॅडिसफ्लाय. डासासारखे पण सोंड नसलेले ते चिरोनोमिड, ते चावत नाहीत. प्रौढ मेफ्लाय काही तास ते दोन-तीन दिवस जगतं आणि खात नाही. त्याला पाणी ओळखता येतं ते पृष्ठभागावरून परतणाऱ्या विशिष्ट उजेडावरून. गुळगुळीत डांबरी रस्ता तसाच उजेड परतवतो, म्हणून माद्या रस्त्यावरच अंडी घालतात आणि ती वाया जातात. गॅलरीचा दिवा रात्री बंद करा, नाहीतर पिवळा, खाली तोंड असलेला लावा. पांढऱ्या कागदावर किडा आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि तारखेसह आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. कल्ल्यांचा, नखीचा किंवा पंखांच्या शिरांचा एक जवळचा फोटो सोबत असेल, तर ओळख कुळापर्यंत तरी लागते.